हवेत चालणारी कात्री

सोमवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. दोन खुर्च्यांच्या सलूनमध्ये आरशाजवळच्या खुर्चीत बँकेतला कॅशिअर मान खाली घालून बसला होता आणि सलूनवाला त्याच्या मानेवरचे केस सारखे करत होता. कंगव्यानं बट उचलायची, दोन बोटांत धरायची, कापायची आणि पुढची बट हातात येईपर्यंत कात्री हवेत तशीच चालू ठेवायची. कच् कच् कच्. ही सवय त्याच्या मामाची. मामानंच त्याला धंदा शिकवला. मामा म्हणायचा, "कात्री थांबली की गिऱ्हाईक आरशात बघतं, आणि आरशात बघितलं की त्याला अक्कल सुचते." बावीस वर्षांत सलूनवाल्याची कात्री कधी थांबली नव्हती.

"तुमच्याकडे बसलं की झोप येते हो," कॅशिअर म्हणाला. "हा आवाजच असा आहे."

नऊ बावीसला समोरच्या थांब्यावर बस आली. ड्रायव्हर बाईनं नेहमीप्रमाणे खिडकीतून हात वर केला. सलूनवाल्यानं तो पाहिला आणि कॅशिअरच्या कानामागे नजर वळवली. तिथे कापण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

दोनच दिवसांपूर्वी, शनिवारी दुपारी, या बाईनं त्याच्या मुलीचे केस कापले होते. कागद कापायच्या कात्रीनं. वाकडे.

मुलगी नऊ वर्षांची. घरात तिला ठकू म्हणतात. ती ऑटिस्टिक आहे, हे ती तीन वर्षांची असताना कळलं. ठकू मोजकेच शब्द बोलते, पण आकडे भरपूर बोलते. जिन्याच्या पायऱ्या, फरशा, ताटातले वाटाणे, सगळं मोजून होतं. वाटाणे ठरलेल्यापेक्षा एकानं जास्त निघाले तर ताट परत. हे सगळं घराच्या अंगवळणी पडलं होतं. अडचण केसांची होती. ठकू केस चावते, चावलेले गिळते. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात त्याचा गोळा झाला आणि तो काढावा लागला. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, केस कानाच्या पाळीच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, तोंडापर्यंत पोचताच कामा नयेत.

म्हटलं तर सोपं. बाप सलूनवाला.

पण ठकू बापापुढे बसत नव्हती. कात्रीचा काळा डबा कपाटातून निघाला की ती संडासात जाऊन कडी लावायची. एकदा तिघांनी मिळून तिला धरलं. ती इतकी ओरडली की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. पुन्हा धरायचं नाही, असं सलूनवाल्यानं त्या दिवशी ठरवलं. मग एका दुपारी ती झोपली असताना त्यानं हळूच एका बाजूचे केस कापले. जाग आल्यावर तिनं उशीवरचे केस मोजायला घेतले. त्यानंतर ती दुपारची कधी झोपली नाही. शेवटी बायकोच आंघोळीच्या वेळी नखं कापायच्या कात्रीनं एकेक बट चोरून कापायची. महिन्यातून चार-पाच बटा मिळायच्या.

"सलूनवाल्याची पोरगी ना ही?" लोक विचारायचे. यात टोमणा असायचाच असं नाही. त्याला मात्र तो ऐकू यायचा.

पालकांचा गट वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी तीन ते पाच भरतो. गट सुरू केला तो वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल बाईंनी. त्यांचा मुलगा आता एकतीस वर्षांचा आहे. गटाचे नियम दोन. पहिला, न विचारता सल्ला दिला की सगळ्यांचे कप विसळायचे. या नियमामुळे खोलीत बरीच शांतता असते. दुसरा नियम अदलाबदलीचा. चारच्या ठोक्याला प्रत्येकानं आपलं मूल दुसऱ्याकडे द्यायचं आणि दुसऱ्याचं घ्यायचं, तासाभरासाठी. मूल देताना त्याचं कार्ड द्यायचं. पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर मुलाची माहिती: कशाला घाबरतं, कशानं शांत होतं, काय अजिबात करायचं नाही. ग्रंथपाल बाई सांगतात, "कार्ड वाचल्याशिवाय दुसऱ्याच्या मुलाला हात लावायचा नाही. आणि कार्डावर आहे ते खरं मानायचं. वाद नाही."

ठकूच्या कार्डावर सात ओळी होत्या, बायकोच्या अक्षरात. सातवी अशी: बाबांच्या कात्रीचा डबा दिसला की पळते.

त्या शनिवारी ठकू ड्रायव्हर बाईकडे गेली आणि ड्रायव्हर बाईची सोळा वर्षांची मुलगी सलूनवाल्याकडे आली. ही मुलगी बोलत नाही, हुंकारते. तिला बाटल्यांची रंगीत बुचं ओळीनं लावायला आवडतं. दोघांनी मिळून त्रेसष्ट बुचं लावली. पाच वाजता शेजारच्या खोलीतून ठकू बाहेर आली. उजवीकडचे केस बरोबर पाळीशी. डावीकडचे दोन बोटं खाली. ठकू शांत होती. हातात कापलेल्या केसांची कागदी पुडी होती.

"पुस्तकांच्या चिठ्ठ्या कापायची कात्री होती टेबलावर," ड्रायव्हर बाई म्हणाली. तिचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. "तिनंच उचलून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, बघू. अकरा मिनिटं बसली. डावीकडे जरा गंडलंय माझं."

"दादा, तुमच्या पोटावर पाय आला की हो," वायरमन म्हणाला. त्याला जुळी मुलं आहेत आणि कप विसळायचा त्याचा सराव सगळ्यांत जास्त. सगळे हसले. सलूनवालाही हसला. "छान झालं," तो म्हणाला.

घरी बायकोनं ठकूला चारही बाजूंनी पाहिलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"अकरा मिनिटं?"

"वाकडे कापलेत."

"अहो, असू देत वाकडे. अकरा मिनिटं बसली ती!"

"मला दिसत नाही का? दोन बोटांचा फरक आहे."

आठवडाभर तो फरक त्याच्या डोळ्यांपुढे होता. सकाळी दूध देताना, चप्पल घालून देताना, समोर ते केस. दुसऱ्या कुणाचं डोकं असतं तर दोन मिनिटांत सारखं केलं असतं. दर चाळीस मिनिटांनी बस यायची आणि तो हिशेब करायचा. बावीस वर्षं, दिवसाला बारा-पंधरा डोकी. तान्ही बाळं, नवरदेव, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, सगळ्यांनी त्याच्यापुढे मान दिली होती. ही बाई स्टिअरिंग फिरवते. हिच्यापुढे ठकू बसते. ठकूनं तिच्यापुढेही ओरडावं, एकदाच ओरडावं, असं त्याला वाटत होतं. हा विचार पहिल्यांदा मनात आला तेव्हा तो दचकला. बुधवारपर्यंत दचकायचं थांबलं होतं.

शुक्रवारी त्यानं नवं कार्ड केलं. जुन्यावर चहाचा डाग पडला होता, हे खरं होतं. ठळक, सुवाच्य अक्षरात त्यानं पहिल्या सहा ओळी उतरवल्या आणि पेनाला टोपण लावलं.

शनिवारी बायकोला काम होतं, म्हणून तो एकटाच ठकूला घेऊन गेला. डावीकडचे केस तोंडापर्यंत पोचत होते, ते कापणं भागच होतं. चारला दोन मिनिटं असताना त्यानं ड्रायव्हर बाईच्या हातात कार्ड दिलं आणि पिशवीतून काळा डबा काढून दिला.

"कागदाच्या कात्रीनं केस तुटतात, ताई. ही चांगली आहे. ही वापरा."

"सल्ला!" वायरमन खुशीत ओरडला. "चला दादा, कप!"

सलूनवाला कपांचा ट्रे उचलून मोरीकडे गेला. ड्रायव्हर बाईची मुलगी मागोमाग आली. तो विसळायचा, ती पुसायची आणि सगळ्या कपांचे कान एका बाजूला करून ठेवायची. नववा कप हातात असताना शेजारच्या खोलीतून ती किंकाळी आली. त्याला ती ओळखीची होती. मुलीनं कानांवर हात घेतले. सलूनवाल्यानं नळ बंद केला, पण तो लगेच हलला नाही. दोन-तीन सेकंद तसाच उभा राहिला. त्या दोन-तीन सेकंदांत त्याला जे वाटलं, त्याला आनंद म्हणता येणार नाही, पण दुसरा शब्दही त्याला सापडला नाही.

मग ड्रायव्हर बाईचा आवाज आला, "कपडा द्या कुणीतरी, कपडा."

झालं होतं ते असं. डबा उघडताच ठकू खुर्चीवरून पुढे पडली. कात्री ड्रायव्हर बाईच्या मांडीवर उघडी होती. पोरीचा चेहरा पात्यावर येतोय हे बघून बाईनं ते मुठीत धरलं. डावा तळहात, तीन टाके. ठकूला खरचटलंही नव्हतं. ती टेबलाखाली बसून फरशा मोजत होती.

"कार्डावर नव्हतं का काही?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

वायरमननं कार्ड वाचलं. एकदा, मग परत एकदा. "कात्रीचं काही नाही."

सलूनवाला उरलेले कप विसळायला वळला. संध्याकाळी बायकोनं विचारलं, "मी लिहिलं होतं ना ते?" तो म्हणाला, "उतरवताना राहून गेलं." तिनं नवं कार्ड हातात घेतलं, बोटानं सहा ओळी मोजल्या आणि कार्ड परत ठेवलं. त्या रात्री ती आणि ठकू त्याच्या आधीच जेवल्या.

नऊ दिवस बसवर दुसरा ड्रायव्हर होता. तो हात करायचा नाही. मधल्या शनिवारी ड्रायव्हर बाई गटाला आली, हाताला पट्टी बांधून. तिनं ठकूपुढे कागदाची कात्री ठेवली. ठकूनं तोंड फिरवलं आणि केसांची डावी बट तोंडात घातली.

सलूनवाल्याला बरं वाटलं. रविवार दुपारपर्यंत बरं वाटत होतं. दुपारी ठकू पोट धरून जमिनीवर आडवी झाली, आणि संध्याकाळी डॉक्टरांनी त्याच्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही सलून चालवता ना?" यावेळी औषधानं भागलं. पुढच्या वेळी भागेलच असं नाही, असं त्यांनी लिहून दिलं.

मंगळवारी नऊ बावीसच्या बसला पुन्हा तीच बाई होती. हात वर झाला नाही. सलूनवाल्यानं रिकाम्या खुर्चीवर टॉवेल टाकला, शेजारच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगितलं आणि धावत जाऊन बस पकडली. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, तो उतरला नाही. तिथे बस बारा मिनिटं थांबते. ड्रायव्हर बाईनं इंजिन बंद केलं आणि मागे वळून न बघता जेवणाचा डबा उघडला.

"ताई, ती ओळ मी गाळली."

"माहितीये."

"राहून नाही गेली. गाळली."

"तेच म्हणते मी, माहितीये." तिनं एक घास घेतला. "त्या शनिवारी नव्हतं माहीत. जुन्या सात ओळी मला पाठ होत्या. बेचाळीस थांबे पाठ ठेवते मी, सात ओळींचं काय. नव्या कार्डावर सहाच बघितल्या. मला वाटलं, पोरीची एक भीती गेली. बापानंच लिहिलंय म्हटलं. बरं वाटलं मला. म्हणून उघडला डबा."

सलूनवाला समोरच्या सीटचा दांडा धरून उभा होता.

"मग टाके घालत होते तेव्हा विचार केला. टाके घालताना माणसाला वेळ असतो."

"ती तुमच्यापुढे बसली, म्हणून," तो म्हणाला. "माझा जळफळाट झाला."

"आता माझ्यापुढेही बसत नाही. झालं समाधान?"

"एक दिवस झालं होतं."

ड्रायव्हर बाईनं पहिल्यांदा मागे वळून बघितलं. "निर्लज्ज आहात. पण खोटं तरी बोलत नाही." तिनं घड्याळ पाहिलं. आठ मिनिटं उरली होती. "कात्री आहे खिशात?"

"असते."

"या इकडे. माझे कापा. तिचे कसे कापायचात, तसेच. फार नको हां, मला नोकरी आहे."

तिनं अंबाडा सोडला, पाठ फिरवली आणि डोळे मिटले. सलूनवाल्यानं कंगवा घातला, मागच्या टोकाची बट धरली, कापली. दुसरी. तिसरी. बाई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती.

"झालं," तो म्हणाला.

"अकरा."

"काय अकरा?"

"अकरा वेळा कापलंत."

"तीन बटा कापल्या ताई, तीनच. हे बघा, हातात आहेत."

"मी डोळे मिटून ऐकत होते. अकरा वेळा कात्री वाजली. तीन तुमच्या हातात. मग उरलेल्या आठ कुठे गेल्या?"

सलूनवाल्यानं कात्रीकडे पाहिलं. ती तेव्हाही हलत होती.

"मी तिला काय केलं ते सांगते," ड्रायव्हर बाई अंबाडा घालत म्हणाली. "मला येतं कुठे काही? मी थांबे सांगितले. डावा कान, तीन. तीन कापले की कात्री खाली ठेवायची. मग पुढचा थांबा. मागे उभी नाही राहिले, समोर बसले, कारण मागून कसं कापतात ते मला माहीतच नाही. ती बोटांवर मोजत होती. हिशेब जुळत होता, म्हणून बसली. तुमच्याकडे तीनचे अकरा होतात. वाटाणा जास्त झाला तर ताट फेकते ती, दादा. तुम्हीच लिहिलंय ना चौथ्या ओळीत?"

"बायकोनं," तो म्हणाला.

"हा सल्ला होता," ती म्हणाली आणि इंजिन सुरू केलं. "पण कप तुम्हीच विसळायचे. दोन महिने. मी सांगते ग्रंथपाल बाईंना. का, ते तुम्ही सांगा."

त्यानं शनिवारी सांगितलं. वायरमननं घसा खाकरला आणि म्हणाला, गेल्या वर्षी एका मुलाला पोहता यायला लागलं तेव्हा त्यानं त्या मुलाच्या बापाचा फोन तीन आठवडे उचलला नव्हता. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, तीन आठवडे म्हणजे काहीच नाही. मग त्यांनी ठकूचं कार्ड मागून घेतलं, सातवी ओळ स्वतःच्या हातानं लिहिली आणि ट्रे सलूनवाल्यापुढे सरकवला.

हवेत कात्री न चालवणं हे किती अवघड काम आहे, ते पुढच्या दिवसांत सलूनमध्ये दिसलं. बट कापून झाली की त्याचा अंगठा आपोआप हलायचा. त्यानं अंगठ्याला चिकटपट्टी लावून पाहिली. कॅशिअर आरशात बघायला लागला, आणि मामा म्हणायचा तशी त्याला अक्कल सुचली. "डावीकडे जरा जास्त नाही ना गेले? तब्येत बरी आहे ना? कात्री गप्प गप्प का?" दोन गिऱ्हाइकं गेली ती परत आली नाहीत. घरी स्वयंपाकघरात तो कागदाच्या कात्रीनं जुनं वर्तमानपत्र कापायचा. "तीन," म्हणायचा, तीनदा कापायचा, कात्री खाली ठेवायचा. ठकू दारात उभी राहून मोजायची आणि चूक झाली की निघून जायची. पहिल्या आठवड्यात ती रोज निघून गेली.

मधल्या शनिवारांत ठकू हळूहळू ड्रायव्हर बाईपुढे पुन्हा बसू लागली. आधी नुसतीच, मग कात्री टेबलावर ठेवून. गेल्या शनिवारी तिनं कात्री उचलून ड्रायव्हर बाईच्या हातात दिली. बाईनं ती सलूनवाल्याकडे दिली. ठकूनं कात्री या हातातून त्या हातात गेलेली पाहिली. उठली नाही.

सलूनवाला समोर स्टुलावर बसला. बावीस वर्षांत त्यानं कुणाचे केस बसून कापले नव्हते.

"डावा कान. चार."

एक. दोन. तीन. केस त्याला वाटले होते त्यापेक्षा मऊ होते. आपल्या मुलीचे केस कसे लागतात हे बोटांना माहीत नव्हतं, आणि त्यानं चौथी बट शोधायला नजर वळवली तेवढ्यात अंगठा हलला. कच्. हवेत.

"चार," ठकू म्हणाली. बट तिथेच होती. तिनं एकदा बटेकडे बघितलं, एकदा बापाकडे, त्याच्या हातातून कात्री काढून घेतली आणि ड्रायव्हर मावशीच्या हातात दिली.

बाकीचे केस बाईनं कापले. सात मिनिटं लागली. सलूनवाला मोरीपाशी उभा राहून दारातून बघत होता. कापताना बाईची जीभ दातांत यायची. कात्री धरायची तिची पद्धत चुकीची होती, मनगट चुकीचं, कोपर चुकीचं. त्याला सगळं दिसत होतं आणि सगळं खुपत होतं. कान एका बाजूला केलेले चौदा कप त्याच्यामागे वाळत होते.

"तीन झाले की तुमचे," ड्रायव्हर बाई जाताना म्हणाली.

"तुमचे किती?"

"मोजले नाहीत."

"सत्तावीस," तो म्हणाला.

घरी बायकोनं ठकूचं डोकं दोन्ही हातांत धरून पाहिलं. कोणते तीन त्याचे, हे तिनं विचारलं नाही, तिला सापडले. मग तिनं कार्ड घेतलं आणि खाली आठवी ओळ लिहिली. केस: ड्रायव्हर मावशी. त्याच्यापुढे, जरा लहान अक्षरात: बाबा, तीनपर्यंत.

आज शुक्रवार. नऊ बावीसला बस आली, हात वर झाला. सलूनवाल्यानंही कात्रीचा हात वर केला, जरा उशिरानं. संध्याकाळी त्यानं केर काढला, कात्र्या पुसून ठेवल्या आणि कागदाची कात्री वरच्या खिशात घातली. सलून शनिवारी दोन वाजता बंद होतं, तशी पाटीच दारावर आहे. गट तीनला भरतो, अदलाबदल चारला होते, आणि उद्याचे कप त्यालाच विसळायचे आहेत.